साथ आली तर इंटरकॉलेज चॅम्पियनशिप कशी वाचवायची, आणि नाहीच वाचली तर काय करायचं

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. एका कॉलेजच्या जिमखान्यात फिजिकल डायरेक्टर आहे, पोरं पीटी सर म्हणतात. मार्च २०२० मध्ये माझी व्हॉलीबॉलची टीम सेमीफायनलला पोचली होती, एंट्री फी भरलेली, जर्सी शिवून आलेल्या, दोघांनी तर बूट उधार आणलेले. कोविड आला, पुढचं सगळ्यांना माहितीये. स्पर्धा रद्द झाली त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, जीव आधी. खुपलं ते हे की रद्द झाल्यावर पुढे काय, याचं उत्तर एकाही कागदावर नव्हतं. सेमीला पोचलेल्यांना सर्टिफिकेट कसलं द्यायचं, फी परत मिळणार का, टीवायच्या पोराचं वर्ष गेलं ते गेलंच का, ज्याला विचारावं तो दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचा.

मग लॉकडाऊनमध्ये बसून मी अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांचं काय झालं ते वाचत गेलो. तिकडे एनसीएए म्हणून संघटना आहे, आपल्या एआययूसारखी, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या संघटनेसारखी समजा, पण पैशाच्या बाबतीत हत्ती. त्यांनी २०२० ला सगळं बंद केलं आणि २०२१ ला सगळं चालू करून दाखवलं, दोन्ही वेळा चुका भरपूर केल्या, आणि त्या चुका सगळ्या जगासमोर झाल्यामुळे आपल्याला फुकटात शिकायला मिळतात. त्या वाचनातून आणि स्वतःच्या फजितीतून हे लिहितोय. स्पोर्ट्स टीचर, जिमखाना सेक्रेटरी, टीम मॅनेजर, सगळ्यांसाठी आहे.

सगळ्यात पहिलं काम स्पर्धेच्या सहा महिने आधीचं आहे, आणि ते म्हणजे एक पान लिहायचं. आपल्या परिपत्रकात मैदानाचं माप असतं, फी असते, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' असतं, पण टीममधले चार जण आजारी पडले तर काय, हे नसतं. ते पान साथ नसताना लिहायचं. साथ आल्यावर लिहायला घेतलं तर प्रत्येक वाक्यात कुणीतरी आपलं कॉलेज शोधतो.

त्या पानावर काय हवं ते उदाहरणानं सांगतो. २०२१ च्या मार्च मॅडनेसला, म्हणजे एनसीएएच्या बास्केटबॉल स्पर्धेला, ६८ टीम होत्या आणि पुरुषांची अख्खी स्पर्धा इंडियाना राज्यात, बहुतेक मॅचेस इंडियानापोलिस शहरात ठेवल्या. नियम आधीच जाहीर होते. टेस्ट निगेटिव्ह असलेले किमान पाच खेळाडू असतील तर टीम खेळू शकते. ड्रॉ निघाल्यावर साधारण दोन दिवसांत एखादी टीम बाद झाली तर राखीव यादीतली टीम आत येईल, चार टीम त्यासाठी नावानिशी ठरवून ठेवलेल्या. ती मुदत संपली की बदली नाही, समोरची टीम न खेळता पुढे जाणार. आणि झालंही तसंच. २० मार्चला व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये पॉझिटिव्ह निघाले, ओरेगनबरोबरची मॅच सुरू व्हायच्या काही तास आधी ती रद्द झाली आणि ओरेगन पुढे गेलं. पोरं रडली, कोचला वाईट वाटलं, पण 'आमच्यावर अन्याय झाला, दोन दिवस थांबा' असा गोंधळ झाला नाही कारण नियम सगळ्यांनी आधी वाचलेला होता. ६७ मॅचेसपैकी ती एकच झाली नाही.

म्हणजे आपल्या पानावर एवढं तरी पाहिजे: कमीत कमी किती खेळाडू असतील तर मॅच धरायची, बदली टीम कुठल्या तारखेच्या किती वाजेपर्यंत घेता येईल, आणि मॅच झाली नाही तर तिला म्हणायचं काय. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो पण नाहीये. आपल्याकडे टीम आली नाही की सरळ वॉकओव्हर, म्हणजे रेकॉर्डला हार. तिकडे त्या मॅचला 'नो कॉन्टेस्ट' म्हणाले, मॅच झालीच नाही, कुणाच्या नावावर हार नाही. आजारी पडलेल्या टीमच्या नावापुढे हार लिहायची आणि गाडी चुकली म्हणून न आलेल्या टीमच्या नावापुढेही हारच लिहायची, हे मला पटत नाही. शिवाय त्यात एक धोका आहे, हार लागणार म्हटलं की मॅनेजर ताप लपवतो. मी मॅनेजर होतो तेव्हा मीही एकदा लपवला असता, खोटं कशाला बोलू.

आणि त्याच पानावर निर्णय कोण घेणार ते लिहा, एकच पद लिहा. समिती लिहू नका. समितीची मीटिंग बोलवायला दोन दिवस लागतात आणि कोरम भरेपर्यंत सेमीफायनल होऊन जाते.

निर्णय किती वाजता कळवायचा हेसुद्धा ठरवा. याचं उदाहरण बेसबॉलचं आहे. जून २०२१, ओमाहा शहर, कॉलेज वर्ल्ड सीरिज. नॉर्थ कॅरोलिना स्टेटची टीम फायनलपासून एक पाऊल लांब. शुक्रवारी त्यांनी फक्त १३ खेळाडू घेऊन व्हँडरबिल्टशी मॅच खेळली, बाकीचे कोविडमुळे बाहेर, आणि ३-१ अशी हरले, म्हणजे एवढ्या कमी पोरांत चांगलीच लढत दिली. शनिवारी निर्णायक मॅच होती. शुक्रवारी मध्यरात्र उलटून गेल्यावर, एक वाजल्यानंतर, जाहीर केलं की टीम स्पर्धेतून बाहेर. व्हँडरबिल्ट न खेळता फायनलला. निर्णय वैद्यकीय दृष्ट्या बरोबर असेलही, पण रात्री एकला कळवलेल्या निर्णयावर कुणी विश्वास ठेवत नाही, लोक त्यात कारस्थानच शोधतात. त्यात टेस्टचा नियमही असा की लस घेतलेल्यांना लक्षणं नसली तर टेस्ट नाही आणि न घेतलेल्यांना नियमित, आणि मग केसेस निघाल्यावर एकदम सगळ्यांची टेस्ट. नियम मध्येच बदलल्यासारखा वाटला की संपलं. सगळ्यांना एकच नियम, आणि रात्री नऊनंतर फक्त फोन करायचा, जाहीर सकाळी करायचं, असं मी आमच्या पानावर लिहून घेतलंय.

आता ड्रॉबद्दल. आपल्याकडे इंटरकॉलेज म्हटलं की नॉकआउट, कारण दोन दिवसांत उरकायचं असतं आणि मैदान एकच असतं. पण स्पर्धा अर्ध्यात थांबली तर नॉकआउटमध्ये हातात काहीच राहत नाही, चार सेमीफायनलिस्ट आणि चौघंही म्हणणार आम्हीच जिंकलो असतो. लीगचं तसं नसतं, पॉइंट टेबल असतं. मार्च २०२० मध्ये तिकडे हेच कामी आलं. १० मार्चला आयव्ही लीगनं, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे कॉलेजांच्या गटानं, सगळ्यांच्या आधी आपली बास्केटबॉल टुर्नामेंट रद्द केली, तेव्हा लोकांनी घाबरट म्हणून नावं ठेवली. पण सीझनभराचं टेबल होतं, त्यावरून पुरुषांत येल आणि महिलांत प्रिन्स्टन अशी पुढच्या स्पर्धेसाठी नावं देऊन मोकळे झाले. एसीसी नावाच्या दुसऱ्या गटानं १२ मार्चला टुर्नामेंट थांबवली आणि टेबलात पहिल्या असलेल्या फ्लोरिडा स्टेटला कोर्टवरच ट्रॉफी दिली. रिकामं स्टेडियम, ट्रॉफी हातात, आणि चेहऱ्यावर 'आता हसायचं का' असा भाव. विचित्र होतं, पण काहीतरी दिलं तरी.

तेव्हा जमेल तिथे छोटे लीग गट करा, तीन-तीन चार-चार टीमचे, मग नॉकआउट. आणि पानावर लिहा की गटसाखळी पूर्ण झाली असेल तर टेबलावरून रँकिंग, नसेल तर संयुक्त, आणि एकही फेरी झाली नसेल तर स्पर्धा शून्य धरून फी परत. ज्या संस्थेला फी परत द्यायची नाही तिनं तेही आधीच लिहावं, निदान भांडण तरी वाचेल.

रद्द करायच्या पायऱ्या ठरवा. त्या मार्चमध्ये सगळं किती वेगानं गेलं ते बघा. ११ मार्चला दुपारी एनसीएएनं सांगितलं की मॅचेस प्रेक्षकांशिवाय होतील. त्याच दिवशी डब्ल्यूएचओनं महामारी जाहीर केली, रात्री एनबीए या तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा खेळाडू रूडी गोबेर पॉझिटिव्ह आला आणि एनबीए थांबली. १२ तारखेला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेंट जॉन्स आणि क्रेटन यांची मॅच हाफटाइमला थांबवली. हाफटाइमला! आणि त्याच दुपारी हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याआधीच्या सगळ्याच चॅम्पियनशिप रद्द. १९३९ पासून एकदाही न चुकलेली बास्केटबॉल स्पर्धा झाली नाही. अल्बुकर्कीला इनडोअर ॲथलेटिक्सची पोरं पोचून सराव करत होती, दुसऱ्या दिवशी स्पर्धा, त्यांना तिथूनच परत पाठवलं. ओहायोत डिव्हिजन टूची, म्हणजे दुसऱ्या स्तराच्या कॉलेजांची, स्विमिंग चालू होती ती मध्येच बंद.

यातली एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. त्याच फटक्यात जूनमधली बेसबॉलची वर्ल्ड सीरिजसुद्धा रद्द केली. मार्चमध्ये जूनचं रद्द! पुढे परिस्थिती बघता जूनमध्ये झाली नसतीच, मान्य, पण तीन महिने आधी रद्द म्हणायची काय घाई, स्थगित म्हणायला काय जात होतं. 'रद्द', 'स्थगित' आणि 'पुढील सूचनेपर्यंत' हे तीन वेगळे शब्द आहेत, तिन्हींना पैशाचे आणि पात्रतेचे परिणाम वेगळे आहेत, परिपत्रकात वाटेल तो शब्द टाकू नका. पोरगा सराव सोडून गावाला जायचं की नाही हे त्या एका शब्दावर ठरवतो.

माझ्या हिशोबानं पायऱ्या अशा: आधी प्रेक्षक बंद, मग बाहेरगावच्या टीमचा मुक्काम बंद करून जवळजवळच्या कॉलेजांचे गट, मग स्थगिती नवीन तारखेसकट, आणि शेवटी रद्द. कुठली पायरी कधी, हे आपण ठरवायचं नाही, कलेक्टर किंवा म्युन्सिपल कमिशनरचा आदेश आला की संपलं. १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला, तोच २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. त्यापुढे विद्यापीठाचं परिपत्रक म्हणजे चहाच्या कपाखालचा कागद.

मैदान आपलं आहे असंही समजू नका. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर जम्बो कोविड हॉस्पिटल उभं राहिलं, वरळीला एनएससीआय डोममध्ये शेकडो खाटा लागल्या. मोठं, सपाट, गाडी आत येईल असं मैदान म्हटलं की प्रशासनाची पहिली नजर तिथेच जाणार, आणि गेलीच पाहिजे. म्हणून दुसऱ्या मैदानाचं पत्र आधीच घेऊन ठेवा, एखाद्या शाळेचं, साखर कारखान्याचं, तालमीचं, कुठलंही.

मुक्कामाचा विषय आता. अमेरिकेत प्रत्येक टीमला हॉटेलचा वेगळा मजला दिला, यायच्या आधी सलग सात दिवस निगेटिव्ह टेस्ट, आल्यावर रोज टेस्ट, सरावासाठी कन्व्हेन्शन सेंटरमध्ये कोर्ट टाकली. आपल्याकडे टीम वर्गात गाद्या टाकून झोपते, चार टीमना एक नळ, आणि जेवणाची एकच पंगत. हे लपवून काही होत नाही, याच परिस्थितीत काय करता येईल ते बघू. एका वर्गात एकच टीम, भले सहाच पोरं असोत. बेंच बाहेर काढा, खिडक्या उघड्या ठेवा, पंखा असला तरी. पंगत टीमप्रमाणे वेळ लावून, प्रत्येकी वीस मिनिटं, वाढपी तेच तेच. पिण्याच्या पाण्याचा पिंप आणि त्यावरचा साखळीचा पेला काढून टाका, बाटली ज्याची त्यानं आणायची. एक रिकामा वर्ग कुलूप लावून ठेवायचा, कुणाला ताप आला तर तिथे, आणि त्याच्यासोबत कोण थांबणार हे मॅनेजरनं आल्याआल्या लिहून द्यायचं. शक्य असेल तर मुक्कामच टाळा, सकाळी येऊन संध्याकाळी परत जातील असे गट पाडा, एसटीचं भाडं जास्त गेलं तरी चालेल.

खेळ बघूनही ठरवा. टेबल टेनिस, बॅडमिंटन, नेमबाजी, तिरंदाजी, मोकळ्या मैदानावरचं ॲथलेटिक्स, हे आधी घ्या. कुस्ती आणि कबड्डी शेवटी. कबड्डीत रेडर दम घालत आत शिरतो आणि सहा-सात जण त्याच्यावर तोंडाशी तोंड येईल असे पडतात, श्वासाच्या रोगाला यापेक्षा सोपी वाट कुठली. मॅट प्रत्येक मॅचनंतर पुसा वगैरे ठीक आहे, पण पुसण्यानं हवा साफ होत नाही.

पंच! पंचांना सगळे विसरतात. २०२१ ला स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच सहा रेफरींना घरी पाठवावं लागलं. का, तर ते पोचले तेव्हा हॉटेलच्या खोल्या तयार नव्हत्या, भूक लागलेली, सगळे मिळून बाहेर जेवायला गेले, आणि त्यातला एक पॉझिटिव्ह निघाला. एवढी कोट्यवधीची तयारी आणि खोली वेळेवर नाही म्हणून सहा पंच गेले. आपल्याकडे तर पंच आले की आधी सगळे मिळून टपरीवर चहाला. राखीव पंच ठेवा, पंचांची खोली पहिली तयार ठेवा, आणि डबा खोलीवर द्या.

मुलींच्या स्पर्धेवर वेगळं लिहितो कारण अशा वेळी पहिला हात तिथेच मारला जातो. २०२१ ला महिलांची स्पर्धा सॅन अँटोनियोला होती. पुरुषांना मोठी सुसज्ज जिम आणि महिलांना डंबेल्सचा एक छोटासा स्टँड, ओरेगनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिनं त्याचा व्हिडिओ टाकला आणि एनसीएएची जगभर लाज गेली. टेस्टसुद्धा वेगळ्या, पुरुषांना रोज जास्त भरवशाची पीसीआर आणि महिलांना रोज अँटिजेन. चौकशी लागली, अहवाल आला. आपल्याकडे व्हिडिओ टाकायचीही गरज नाही, दोन कॉलेजांच्या पत्रव्यवहारात दिसतं, मुलांची फायनल पुढच्या महिन्यात आणि मुलींची 'परिस्थिती पाहून कळवू'. पानावर एक ओळ टाका, जो निर्णय मुलांच्या गटाला तोच आणि त्याच दिवशी मुलींच्या गटाला.

बरं, समजा सगळं करूनही थांबवावी लागली. पहिल्या चोवीस तासांत काय करायचं?

आधी परतीचा प्रवास. बाकी सगळं नंतर. २०२० मध्ये २२ मार्चपासून पॅसेंजर रेल्वे बंद झाल्या आणि २४ च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला, जो जिथे होता तिथेच अडकला. म्हणून टीम बाहेरगावी नेताना परतीच्या गाडीचा एक नंबर खिशात ठेवायचा, ओळखीचा टेम्पो ट्रॅव्हलरवाला असला तर उत्तम, आणि मॅनेजरकडे रोख पैसे. टीए-डीए नंतर मिळतो, कधी मिळतो ते विचारू नका. दुसरं, प्रत्येक पालकाला फोन, ग्रुपवर मेसेज नाही, फोन. मुलगी असेल तर दोनदा. तिसरं, टीमला एकत्र बसवून सांगा, कोचनं स्वतः सांगा. पोरांना मोबाईलवर आधी कळतं आणि सर नंतर येतात, हे वाईट. आणि चौथं, जिथपर्यंत स्पर्धा झाली तिथपर्यंतच्या सगळ्या स्कोअरशीट त्याच दिवशी पंचांच्या सहीनं पूर्ण करा, फोटो काढा, दोन कॉपी करा. याचं महत्त्व पुढे कळेल.

पुढे म्हणजे पात्रता. हा सगळ्यात किचकट भाग आहे आणि इथेच पोरांचं खरं नुकसान होतं, ट्रॉफीत नाही. तिकडे खेळाडूला ठरावीक सीझन खेळायची मुभा असते, साधारण चार. सीझन वाया गेला तर मोजायचा का? ३० मार्च २०२० ला त्यांनी ठरवलं की वसंत ऋतूतल्या खेळांना, बेसबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, मैदानी ॲथलेटिक्स वगैरे, एक सीझन परत द्यायचा. हिवाळी खेळांना नाही, कारण त्यांचा सीझन जवळजवळ संपला होता. म्हणजे बास्केटबॉल आणि कुस्तीवाले ज्यांची मुख्य स्पर्धाच गेली, त्यांना काही नाही. वर्षभर घासायचं आणि नेमकी शेवटची स्पर्धा गेली तरी 'तुमचा सीझन झाला'. मला हा नियम कागदावर बरोबर आणि मैदानावर चूक वाटतो. पुढच्या २०२०-२१ च्या सीझनसाठी मात्र शरद ऋतूतल्या आणि हिवाळी खेळांना जादा वर्ष दिलं, आणि मग उलटाच प्रश्न, जुनी पोरं जाईनात, नवीन येणाऱ्यांना जागाच नाही, स्कॉलरशिप कुणाला द्यायची. कित्येक शाळकरी खेळाडूंच्या ऑफर त्यात अडकल्या. म्हणून जादा वर्ष मागताना हेही लिहा की जादा वर्षाचे खेळाडू टीमच्या ठरलेल्या संख्येव्यतिरिक्त धरावेत, नाहीतर एफवायच्या पोराचा बळी जातो.

आपल्याकडे विषय सीझनपेक्षा वयाचा आहे. आंतरविद्यापीठ खेळायला वयाची अट असते आणि साथ कुणाच्या वाढदिवसासाठी थांबत नाही. जागतिक विद्यापीठ स्पर्धा चेंगडूला २०२१ ला व्हायची होती, ती पुढे ढकलत ढकलत २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा फिसूनं, म्हणजे ती भरवणाऱ्या संघटनेनं, वयाची मर्यादा २७ पर्यंत वाढवली. त्या स्पर्धेत भारतानं २६ पदकं आणली. आपली खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स घ्या, पहिली भुवनेश्वरला २२ फेब्रुवारी ते १ मार्च २०२०, अगदी दार बंद व्हायच्या आधी शेवटची गाडी मिळाल्यासारखी झाली, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिथे दुसरं आलं होतं. दुसरी थेट एप्रिल २०२२ मध्ये बेंगळुरूला. मधल्या दोन वर्षांत जे पोरगं एसवायचं टीवाय होऊन बाहेर पडलं त्याचं काय? त्याच्यासाठी कुणी भांडलं नाही कारण भांडायला कागद नव्हता.

म्हणून खेळाडूंनो, हे तुमच्यासाठी. एंट्री फॉर्मची झेरॉक्स, इलिजिबिलिटी फॉर्म, निवड यादी ज्यात तुमचं नाव आहे, स्कोअरशीटचा फोटो, आणि स्पर्धा स्थगित किंवा रद्द झाल्याचं परिपत्रक, हे पाच कागद एका फोल्डरमध्ये. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथे सर्टिफिकेटची पडताळणी होते आणि 'सर, स्पर्धा झालीच नाही पण आम्ही जिंकलो असतो' हे पडताळणीत चालत नाही. पण निवड झाली होती आणि स्पर्धा शासनाच्या आदेशानं थांबली, एवढं तरी सिद्ध करता येतं. वयात सूट, जादा संधी, काहीही मागायचं असेल तर अर्ज त्याच आठवड्यात द्या, इनवर्ड नंबर घ्या. वर्षभरानं आठवण झाली तर फाइल उघडणारा माणूससुद्धा बदललेला असतो.

सीझन ढकलायचा असेल तर एक इशारा. अमेरिकेत खालच्या स्तराच्या अमेरिकन फुटबॉलची (आपला पायानं खेळायचा नव्हे), एफसीएस म्हणतात तिला, चॅम्पियनशिप २०२० च्या हिवाळ्यातून २०२१ च्या वसंतात ढकलली, प्लेऑफला २४ ऐवजी १६ टीम घेतल्या, आणि मे महिन्यात सॅम ह्यूस्टननं साउथ डकोटा स्टेटला २३-२१ नं हरवलं. फायनल छान झाली. पण त्याच पोरांना तीन-चार महिन्यांत पुढचा सीझन सुरू, एका कॅलेंडर वर्षात दोन सीझन, शरीराचं काय होणार. आपल्याकडे तर ढकललेली स्पर्धा सेमिस्टरच्या परीक्षेवर आणि नाहीतर मे महिन्याच्या उन्हावर जाऊन आदळते. नवीन तारीख ठरवताना परीक्षा विभागाला आधी विचारा, आम्ही एकदा नाही विचारलं, कॅप्टन बॅकलॉगचा पेपर द्यायला गेला आणि टीम पाचच जणांची उतरली.

आजारातून उठलेल्या खेळाडूला लगेच मैदानात ओढू नका. २०२० मध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची भीती हे तिकडे काही कॉलेज गटांनी फुटबॉल पुढे ढकलायचं एक कारण होतं. डॉक्टरचं लेखी पत्र, मग काही दिवस नुसतं चालणं, मग हलकं जॉगिंग, मग अर्धा सराव. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली की थांबायचं आणि परत डॉक्टरकडे. 'सर, मी फिट आहे' हे वाक्य एकोणीस वर्षाचं पोरगं नेहमीच म्हणतं, त्याला सर्टिफिकेट समजू नका.

पैशाचं थोडक्यात. एनसीएएनं त्या वर्षी कॉलेजांना सुमारे ६० कोटी डॉलर वाटायचे होते, वाटले २२.५ कोटी. त्यांच्याकडे स्पर्धा रद्द झाल्यास २७ कोटी डॉलरचा विमा होता म्हणून एवढं तरी जमलं. तरी झळ लागलीच, स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानं २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं, माजी खेळाडूंनी रान उठवलं तेव्हा पुढच्या वर्षी निर्णय मागे घेतला. आपल्याला कोण विमा देणार, आणि दिला तरी आता पॉलिसीत संसर्गजन्य रोग बऱ्याचदा वगळलेला असतो, बारीक अक्षरं वाचा. आपला विमा म्हणजे मंडपवाल्याला आणि केटररला ॲडव्हान्स कमी देणं, आणि पावतीवर 'शासन आदेशाने स्पर्धा न झाल्यास ॲडव्हान्स पुढील वर्षी वळता' असं लिहून घेणं. मंडपवाले लिहून देतात, त्यांनाही पुढच्या वर्षीचं काम हवं असतं. आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा म्हणून फेब्रुवारीतच सगळं साहित्य उचलू नका.

टीवायच्या पोरांसाठी मात्र काहीतरी करा, नियमात बसो न बसो. आमच्या त्या व्हॉलीबॉल टीममधला सेटर पुढे गावी दुकानात बसला, दोन वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला, सर, ती सेमी आपण जिंकलो असतो ना. मी हो म्हणालो. मग आम्ही एका रविवारी त्या वेळच्या दोन्ही टीमना बोलावलं, आपलेच पंच, आपलाच बॉल, पोटं सुटलेली, आणि पाच सेट खेळलो. रेकॉर्डला त्याची कुठेच नोंद नाही. हरलो.

आणि हो, ट्रॉफीवर वर्ष आधी कोरून घेऊ नका. कोरणारा म्हणतो एकदम दिलं तर स्वस्तात करतो, ऐकू नका. आमच्या जिमखान्याच्या कपाटात '२०१९-२० विजेता' लिहिलेले तीन कप अजून आहेत, एकात शिट्ट्या ठेवतो, एकात टाचण्या, आणि तिसऱ्याला झाकण आहे म्हणून त्यात चहापत्ती.